गॅरेजमधली साक्ष

१२ जानेवारी, रविवार

आज सगळ्या मंडळीसमोर उभी राहून साक्ष दिली. घरी येऊन जेवले, भांडी घासली, तरी तळहातांना अजून घाम येतोय.

घरी येऊन म्हणजे काय, गॅरेजमधून स्वयंपाकघरात येऊन. मनुरेवा उपनगरातल्या साळव्यांच्या या घरात मागची खोली माझी, आणि आमची मराठी ख्रिस्ती सहभागिता भरते ती त्यांच्याच गॅरेजमध्ये. खाली जुना गालिचा, घडीच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेली सायकल. दर रविवारी वीस-पंचवीस माणसं येतात. मकरंददादा एरवी लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर आहेत, पण रविवारी संदेश तेच देतात. मला या देशात आल्यावर राहायला जागा त्यांनी दिली, म्हाताऱ्यांच्या रेस्टहोममधल्या नोकरीचंही त्यांनीच सुचवलं. ते नसते तर मी जालन्याला परत गेले असते.

त्यांची आई, उर्मिलाआजी, संगमनेरहून नोव्हेंबरात आल्या. मधुमेह जुना, रोज इन्सुलिन. नाताळच्या आधी दादांनी उपवास धरला आणि प्रार्थनेनंतर फ्रिजमधली इन्सुलिनची पेनं काढून सगळ्यांच्या देखत कचऱ्यात टाकली. त्यानंतर आजींनी एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. आज सकाळी दादांनी मला आजींच्याच मशीनवर साखर तपासायला सांगितली. एकशे बारा! मी दोनदा तपासली.

"तू नर्स आहेस," दादा म्हणाले. "मी मुलगा आहे, माझं कोण खरं मानणार? तू सांग."

मी सांगितलं. "मी जालन्याला नर्सिंग केलंय, मला मधुमेह माहीत आहे, औषधाशिवाय ही साखर येत नाही. प्रभूने आजींना बरं केलंय." लोक रडले. स्नेहलताताईंनी मला मिठी मारली आणि सोडलीच नाही.

खुर्चीवर परत बसताना माझे पाय लटपटत होते. दादा म्हणाले, "एवढं जवळून पाहिल्यावर भय वाटतंच. ते देवाचं भय. चांगलं असतं."

१५ जानेवारी

सकाळची शिफ्ट. दुपारी आजींबरोबर जेवले. त्यांची एक सवय मला फार आवडते. ताट वाढलं की त्या आपली पर्स उचलतात, खोलीत जातात, दार लावतात आणि एकट्याने प्रार्थना करून येतात. मी विचारलं, "आजी, इथेच करू की आपण दोघी." तर म्हणाल्या, "माझं आणि त्याचं काही खाजगी असतं बाई."

इतक्या वयात एवढी निष्ठा. मी जेवायच्या आधी डोळे मिटते ते घाईघाईत, भूक लागलेली असते म्हणून.

आजींचा आणखी एक हट्ट म्हणजे लोणच्याची बरणी. चिनीमातीची, फडक्याने तोंड बांधलेली. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात असते आणि कुणी हात लावायचा नाही. ममतावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, फ्रिज पुसताना सगळं बाहेर काढलं, पण ती बरणी तेवढी जागेवरच ठेवली. मी म्हटलं, "वहिनी, लोणचं फ्रिजमध्ये कशाला?" त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पिळलं. वहिनी मुळातच कमी बोलतात.

२४ जानेवारी

कपडे वाळवताना ड्रायरमध्ये एक इवलंसं प्लास्टिकचं टोपण सापडलं. पेनाच्या सुईवर असतं तसं. रेस्टहोममध्ये आमच्या नर्स वापरतात, माझ्याच युनिफॉर्मच्या खिशातून आलं असणार. सुई नव्हती हे नशीब. यापुढे खिसे तपासायचे.

इथे नर्स म्हणून नोंदणी व्हायच्या परीक्षेचा अभ्यास मागे पडलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वायटांगीची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिवसाची सुट्टी. सगळे मिळून समुद्रावर गेलो. आजी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून पाण्यात उभ्या राहिल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, लहान मुलीसारख्या हसत. परतताना शिंपला लागून टाचेजवळ कापलं. मी धुऊन पट्टी बांधली. "अगं, एवढ्याशाला काय होतंय!"

घरी आल्यावर पाहिलं तर लोणच्याची बरणी सिंकपाशी धुऊन पालथी घातलेली. आजी तिच्याकडे बघत स्टुलावर बसल्या होत्या.

"संपलं?"

"संपलं."

"मी सँडरिंगहॅमला जाईन तेव्हा आणते की. तिथल्या आपल्या दुकानांत सगळी लोणची मिळतात."

मग त्या म्हणाल्या, "संपदे, इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय काही देतात का गं?"

"कशासाठी?"

"गुडघ्यासाठी."

मी म्हटलं, गुडघ्याचं मलम देतात. मी आणून देईन. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "राहू दे. प्रभू बघेल."

१६ फेब्रुवारी, रविवार

आज संदेश शंकेवर होता. शंका म्हणजे किल्ली, ती आपणच शत्रूच्या हातात देतो, असं दादा म्हणाले. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. कदाचित नसेलही.

आजींना तहान फार लागते. जेवणाच्या टेबलावरचा जग त्या एकट्या संपवतात. सारख्या बाथरूमला जातात. इथला फेब्रुवारीचा उन्हाळा कोरडा आहे, खरंय. मलाही तहान लागते.

टाचेची जखम भरत नाहीये. कडा लालसर आहेत.

त्यांची पर्स आता खोलीतच असते. जेवायच्या आधी त्या उठत नाहीत. मी विचारलं, "आजी, खाजगी प्रार्थना?" त्या म्हणाल्या, "तो ऐकतो कुठूनही."

ही लक्षणं कशाची ते मला माहीत आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीलासुद्धा माहीत असतं. पण मीच उभी राहून सांगितलं ना, की त्या बऱ्या झाल्या. एकशे बारा माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग आता मी जे बघतेय ते काय आहे? माझ्या शंकेमुळेच हे परत येत असेल तर?

देवा, मला चुकीचं ठरव.

१८ फेब्रुवारी

धीर करून दादांना विचारलं. ते अंगणात गवत कापत होते. मशीन बंद करून माझ्याजवळ आले.

"दादा, आजींची साखर एकदा तपासू या का? ते मशीन तुमच्या कपाटात आहे ना?"

"कशासाठी?"

"त्यांना तहान लागते. जखमही भरत नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि हात पुसत राहिले.

"मी सहा वर्षांचा असताना मला मेंदूज्वर झाला होता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी हात टेकले. वडील घरी जाऊन शवपेटीची चौकशी करत होते म्हणतात. आईने माझ्या खाटेशी गुडघे टेकले आणि उठलीच नाही. तिच्या गुडघ्यांवर अजून डाग आहेत, तू पाहिले असतील. मी जिवंत आहे तो तिच्या विश्वासामुळे. आणि आता तिच्या वेळेला मी कच खाऊ?"

त्यांनी हात पुसणं थांबवलं.

"रोज तपासायचं म्हणजे रोज देवाला विचारायचं, तू खरंच केलंस का म्हणून. तू मंडळीसमोर बोललीस, संपदा. लोक तुझ्या शब्दाला धरून उभे आहेत. तूच डळमळलीस तर त्यांनी कुणाकडे बघायचं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी "हो दादा" म्हणाले आणि आत आले. खोलीत येऊन दार लावलं.  खोटारड्या माणसाची भीती वाटली तर त्याच्यापासून पळता येतं. हा माणूस खोटारडा नाही.

२० फेब्रुवारी

मम्मीला फोन केला. ती मिशन हॉस्पिटलात आया होती, तिला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. म्हणूनच विचारलं नाही. ती म्हणाली, "आवाज का असा?" मी म्हटलं, सर्दी.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर चहा चालू होता. स्नेहलताताईंनी मला सायकलीपाशी बाजूला घेतलं. चेहरा उजळलेला.

"तुला सांगायचंच होतं. मी पण सोडल्या."

"काय?"

"गोळ्या. फिटच्या. अठरा वर्षं घेतेय गं. तुझी साक्ष ऐकली त्याच रात्री ठरवलं. हळूहळू कमी केल्या आणि सोमवारपासून पूर्ण बंद. काहीही झालं नाही बघ. एकदम मस्त, स्वीट अ‍ॅज!"

त्या न्यू लिनला राहतात. इथे येतात त्या मोटरवेवरून, स्वतः गाडी चालवत.

मी म्हणायला हवं होतं, ताई, आज गाडी चालवू नका. डॉक्टरांना भेटा. माझ्या तोंडून निघालं, "प्रभूची स्तुती असो."

खिडकीतून त्यांची गाडी बाहेर पडताना पाहिली. त्यांनी हॉर्न वाजवून मला हात केला. नंतर मी संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसले. त्यांचा नंबर लावून त्या पोचल्या का एवढंच विचारलं. "पोचले की! काय झालं?" काही नाही म्हटलं.

मला स्वतःची भीती वाटायला लागलीय.

१ मार्च, शनिवार

खूप रात्र झालीय. तरी आजच लिहायचं.

दुपारी शिफ्टवरून आले. उद्याच्या उपासनेसाठी दादा गॅरेजमध्ये खुर्च्या मांडत होते. वहिनी म्हणाल्या, आजी सकाळपासून झोपून आहेत. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी आजींच्या खोलीत गेले.

ओठ सुकून भेगा पडलेल्या. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली तर मला "मालन" म्हणाल्या. मालन त्यांची बहीण, ती वारून कितीतरी वर्षं झाली. टाचेपासून घोट्यापर्यंत पाय लाल आणि गरम. नाडी धावत होती. चादर ओली.

मी दादांना हाक मारली. ते आले, आणि आईकडे बघताच पांढरे पडले. मी म्हटलं, "मशीन द्या." ते हलेनात. मी म्हटलं, "दादा, मशीन!" वहिनी गेल्या आणि घेऊन आल्या. कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही.

आकडा आलाच नाही. पडद्यावर नुसती 'हाय' अशी इंग्रजी अक्षरं आली. मशीनला मोजता येत नाही इतकी साखर.

"ॲम्ब्युलन्स बोलवते," मी म्हटलं.

दादा खाटेशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. "थोडं थांब. फक्त थोडं. मी सगळ्यांना फोन करतो, सगळे मिळून प्रार्थना करू. संपदा, हीच परीक्षा आहे. आत्ता हललीस तर सगळं जाईल."

आणि मी थांबले. हे लिहायलाच हवं. मी थांबले. ते मोठ्याने प्रार्थना करत होते, मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि एक क्षण मला खरोखर वाटलं, मी फोन केला तर देव आमच्यावरून हात काढून घेईल आणि आजी माझ्यामुळे मरतील.  मी डोळे मिटून देवाला विचारलं, काय करू? काहीही ऐकू आलं नाही. आजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जलद आणि उथळ, वॉर्डात शेकडो वेळा ऐकलाय तसा.

मी मनगट सोडवून घेतलं आणि आणीबाणीचा १११ लावला.

पलीकडच्या बाईने पत्ता विचारला तर मला घराचा नंबर आठवेना. बाहेरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनी दादांची गाडी मागे घेऊन रस्त्यावर लावत होत्या, ॲम्ब्युलन्सला वाट मोकळी व्हावी म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दादा शेवटपर्यंत गुडघ्यावरच होते. स्ट्रेचर आलं तेव्हा पॅरामेडिक त्यांना म्हणाला, "सॉरी ब्रो, जरा सरकायला लागेल." ते सरकले, पण उठले नाहीत.

४ मार्च, मंगळवार

आजी शुद्धीवर आहेत. पायाच्या जखमेतून जंतू पसरले आणि इन्सुलिन नाही, दोन्ही मिळून हे झालं. डॉक्टरीण म्हणाली, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

मी शिफ्टनंतर गेले. आजी एकट्या होत्या. हाताला सलाईन, चेहरा अर्धा झालेला.

"संपदे, दार लाव."

तिथे दार नव्हतं, पडदा होता. मी तो ओढला.

"मी टोचत होते," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या मक्याने टाकली ती समोरची पेनं. मी येताना जास्तीची आणली होती, ती बरणीत ठेवली. त्या दिवशी तू तपासलीस ना, ती साखर इंजेक्शनाची होती. तू साक्ष द्यायला उभी राहिलीस तेव्हा मी म्हटलं, धरणी पोटात घेईल तर बरं."

बरणी, पर्स, दार लावून केलेली प्रार्थना, ड्रायरमधलं टोपण. मी नर्स आहे. सगळं माझ्या समोर होतं.

"का आजी?"

"त्याचा चेहरा बघितला होतास का, ती पेनं टाकताना? लहानपणी शाळेतून पहिला नंबर घेऊन आला होता, तसा. आणि एवढी माणसं बसलेली. मी बरी झाले नाही तर माझं पोर सगळ्यांपुढे खोटं पडेल. मी म्हटलं, त्याची लाज राखावी. पुढचं प्रभू बघेल." त्या थांबल्या. "पेनं संपल्यावर वाटलं, आता कदाचित खरंच करेल तो. मी रोज मागत होते गं. तुम्ही सगळे मागत होता त्याच्यापेक्षा जास्त."

मग त्यांनी माझा हात धरला. "त्याला सांगू नकोस. शपथ घालते. कोसळेल तो."

मी त्यांचा हात कुरवाळला. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. घरी येईपर्यंत बसमध्ये एकच विचार होता. स्नेहलताताई आत्ता गाडी चालवत असतील का?

५ मार्च

आजच गेले न्यू लिनला. ट्रेनमध्ये काय बोलायचं ते घोकत होते. ताईंनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"ताई, गोळ्या सुरू करा. आजच. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी चालवू नका. माझी साक्ष चुकीची होती."

"दादांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाले, तू घाबरलीस. म्हणाले, कुणीतरी शंका धरली म्हणून आईवर हे आलं."

"ताई, आजी कधी बऱ्या झाल्याच नव्हत्या."

"एकशे बारा साखर तूच सांगितलीस ना? मग तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस?"

आजींनी शपथ घातली होती. मी खरं कारण सांगितलं नाही. ताईंनी दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही. मी बराच वेळ त्यांच्या पायरीवर उभी होते.

अर्धं खरं बोलून काही उपयोग होत नाही, हे आज कळलं.

८ मार्च, शनिवार

आजींना भेटून आले. त्यांच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

"आजी, उद्या मी गॅरेजमध्ये सगळं सांगणार आहे. बरणीचंही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"स्नेहलताताईंनी फिटच्या गोळ्या सोडल्यात. माझं ऐकून. त्या गाडी चालवतात. आणखी कुणी काय सोडलंय, मला माहीत नाही."

आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उठले. पडद्यापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "त्याला पाणी दे आधी. त्याला पाणी पिऊन मग ऐकू दे."

 खोली जाईल. ही माणसं जातील, आणि या देशात माझं दुसरं कुणी नाही. नोंदणीच्या वेळी कुणी तक्रार केली तर? एका नर्सने खोटी साक्ष दिली म्हणून. या सगळ्याची भीती वाटते, पण याहून मोठी भीती वेगळी आहे. लहानपणापासून मी ज्याला प्रभूचा आवाज समजत आले, तो दरवेळी कुणातरी मोठ्या माणसाचा आवाज होता की काय? मग त्याचा स्वतःचा आवाज कसा असतो, हे मला माहीत तरी आहे का?

९ मार्च, रविवार

सांगितलं.

गीतं झाली. दादा संदेशासाठी उठायच्या आत मी उभी राहिले आणि त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. त्यांना वाटलं, मी सेवा करतेय. ते प्यायले. मग मी सगळ्यांकडे वळले.

घोकलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी जानेवारीत इथे जे सांगितलं ते खरं नव्हतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. आजी तेव्हाही इन्सुलिन घेत होत्या, लपवून. ते संपल्यावर त्या मरायला टेकल्या. कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल तर आज घ्या. प्रार्थना करा, पण औषध घ्या."

कुणीतरी मागून ओरडलं, "खाली बस!" कुणीतरी म्हणालं, आजारी बाईवर आळ घेतेय, ती इथे नाही म्हणून. दादा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी परक्या भाषेत बोलतेय.

"आई खोटं बोलणार नाही," ते म्हणाले.

 तेवढ्यात चहाच्या टेबलापासून वहिनी बोलल्या. गॅरेजमध्ये त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"खरं आहे ते. बरणीत पेनं होती. मी बघितली होती."

दादा वळले. "तुला माहीत होतं?"

"तुम्हाला सांगायची सोय होती का?"

दादा गालिच्यावर बसले. खुर्ची मागेच होती, तरी खालीच बसले. त्यांना हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही. ते मला आता लागतंय.

स्नेहलताताई पर्स घेऊन निघून गेल्या. गाडीची किल्ली मात्र त्यांनी आज सोबत आलेल्या नवऱ्याच्या हातात दिली. ते मी पाहिलं.

१३ मार्च

खोली सोडली. रेस्टहोममधल्या एका सामोअन ताईच्या घरी तात्पुरती आहे. निघताना वहिनींनी डबा दिला आणि फिजोआच्या फळांची पिशवी. दादा खोलीतून बाहेर आले नाहीत. या रविवारी गॅरेज बंद राहणार आहे.

रात्री प्रार्थनेला बसले. बोलायला काही नव्हतं, मागायचीही भीती वाटली. नुसती बसून राहिले.

१९ मार्च

स्नेहलताताईंचा मेसेज. "गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले सध्या गाडी नाही. तुझ्याशी बोलायची इच्छा नाही अजून." मी तो पुन्हा पुन्हा वाचला. 'अजून' या शब्दावर बोट ठेवून बसले.

२९ मार्च, शनिवार

सकाळची शिफ्ट संपवून बाहेर आले तर पार्किंगमध्ये दादांची गाडी.  परत आत जावं असं वाटलं. ते काच खाली करून बसले होते, दाढी वाढलेली.

"आईला घरी आणलंय," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, स्टिअरिंगकडे बघत. "नर्स येऊन दाखवून गेली. मला बघवलं नाही, मी बाहेर गेलो. ममता करते. आज ममताला दुपारी काम आहे." मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकवशील का?"

माफी त्यांनी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. गाडीत बसले.

आजी आपल्या खोलीत उशीला टेकून होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरले, पण बोलल्या त्या दादांशीच. "ये. ताट वाढून ठेवलंय, उशीर करू नकोस."

मी पेन लावून दिलं. किती द्यायचं ते कागदावर लिहिलेलं होतं, आम्ही दोघांनी वाचलं. पोटाची चिमूट कशी धरायची ते दाखवलं. एवढा मोठा माणूस, लिफ्टच्या खोल विवरात उतरून काम करणारा, आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब.

"आधी प्रार्थना करू का?" त्यांनी मला विचारलं. मकरंददादांनी मला विचारलं.

"करा," मी म्हटलं. "हात धुवून या आणि मग करा."

ते गेले, धुऊन आले. डोळे मिटले. गॅरेजमधला तो भरदार आवाज नव्हता. "प्रभू, माझ्या हातून तिला दुखू देऊ नकोस." एवढंच.

 सुई गेली. आजी "स्स" म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "नाही रे, नाही दुखलं."

"काढू?" दादांनी घाबरून विचारलं.

"नाही. दहापर्यंत मोजायचं असतं."

मी मोजायला लागले. तीनवर दादांचा आवाज आला, पाचावर आजींचा. दहा झाले तरी दादा सुई काढेनात, म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला.